बाळ सांभाळायला कोणी नाही म्हणून शाळा सुटली: पूर्व नागपुरातल्या एका घराची केस

पूर्व नागपुरात कळमना मार्केटच्या अंगाला टिनाच्या खोल्यांची एक वस्ती आहे. नाव मुद्दाम देत नाहीये, आणि घरच्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केलेत. घरात सहा जण. बाप ठिय्यावर, म्हणजे मजूर सकाळी कामाची वाट बघत जमतात त्या जागी, उभा राहून मिळेल ते काम करतो, कधी सेंट्रिंग, कधी नुसती कुलीगिरी. माय रेजा, म्हणजे बांधकामावर माल वाहणारी मजूर. मोठी पोरगी अकरा वर्षांची, मग आठ वर्षांचा पोरगा, चार वर्षांची पोरगी आणि सव्वा वर्षाचं बारकं. मूळ गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे नागपूरपासून फार लांब नाही पण राज्य वेगळं, आणि हे राज्य वेगळं असणं पुढे दर पायरीला आडवं येतं.

आमच्याकडे ही केस आली ती शाळाबाह्य मुलगी म्हणून. आशाताईनं सांगितलं की त्या गल्लीत एक पोट्टी दिवसभर कडेवर बाळ घेऊन फिरते, शाळेच्या वेळेत नळावर दिसते, बघा जरा. आता शाळाबाह्य म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच उपाय येतो, दाखल करा, गणवेश द्या, फोटो काढा, झालं. इथेही सुरुवात तशीच झाली. जवळच्या महापालिकेच्या हिंदी शाळेतल्या मुख्याध्यापिका मॅडम चांगल्या होत्या, जन्मदाखला नाही टीसी नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे पोराला वयानुसार वर्गात बसवून वरून विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, हे त्यांना पाठ होतं. पोरगी गावाकडे तिसरीपर्यंत शिकलेली, इथे थेट पाचवीच्या पटावर आली. पहिला आठवडा आली, दुसऱ्या आठवड्यात दोनच दिवस, मग येणंच बंद.

कागदावर मात्र ती आता शाळेत होती, आणि खरी केस इथून सुरू होते.

घरी गेलो तर भांडण नाही, बापाचा विरोध नाही, "पोरीच्या जातीला शाळा कशाला" वगैरे काही नाही. मायचं म्हणणं सरळ होतं. "कामाले नाही गेली तं खाऊ काय, आन् बारक्याले घेऊन गेली तं ठेकेदार उभं राहू देत नाही." तिला साडेचारशे-पाचशे रोज पडतो, बापाला सहाशे-सातशे, पण ठिय्यावर महिन्यातले पंधरा-सोळा दिवसच काम लागतं, पावसाळ्यात त्याहून कमी. खोलीचं भाडं दोन हजार. मायचा रोज गेला की घराचं गणित बसतच नाही. मग बारक्याला कोण बघणार, तर मोठी. कोणी ठरवून केलेलं नाही, दुसरं कोणी नव्हतंच.

तिचा दिवस असा. सकाळी आठच्या आत मायबाप ठिय्यावर, उशीर झाला की त्या दिवसाचं काम गेलं. भाऊ शाळेत जातो, तिथे खिचडी मिळते, त्यामुळे त्याची दुपारची काळजी नाही. साडेदहाच्या सुमारास गल्लीत नळ येतो, चालू तोटी एकच, दोन ड्रम आणि चार गुंड (घागरी) भरायचे, रांगेत भांडायचं, आणि हे सगळं कडेवर बाळ ठेवून. चार वर्षांची बहीण तिच्या फ्रॉकला धरून मागे. पाणी झालं की भात, वरणाचं पाणी कालवून बारक्याला भरवायचं, नाही खाल्लं तर पाच रुपयांचा चिप्सचा पुडा. आपण सहज "मोठी बहीण सांभाळते" म्हणतो, पण ती स्वतः अकरा वर्षांची आहे हो.

आशाताईनं बारक्याच्या डाव्या दंडाला ती रंगीत पट्टी लावली, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम, त्याच्यावर हिरवा. पट्टी ११.८ वर थांबली. मोठी बाजूला उभी राहून बघत होती, तिनं विचारलं, "पिवळा म्हणजे पास का?" आशाताई म्हणाली काठावर पास. आणि मग मायला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं की अजून तीन मिलिमीटर गेलं की भरती करावं लागेल.

म्हणजे शिक्षणाच्या खात्यात नोंदलेली ही केस खरं तर बाळाच्या सांभाळाची, पाण्याची, मायच्या रोजाची आणि कुपोषणाची आहे. आणि या प्रत्येकाचं ऑफिस वेगळं. गंमत अशी की प्रत्येक ऑफिसात या घराचा एकेक तुकडा माहीत आहे. शाळेला पोरगा माहीत आहे, आशाला बारकं माहीत आहे, चार वर्षांची कोणालाच माहीत नाही, आणि मोठी पटावर असल्यामुळे सुटलेली.

अंगणवाडी का नाही, असं लगेच कोणी विचारेल. तर अंगणवाडी १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतली, राज्याच्या महिला व बालविकास विभागाची, महापालिकेची नाही. तीन वर्षांखालच्या पोराला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. तीन ते सहावाले बसतात, तेही दुपारपर्यंतच. चार वर्षांची तिथे जाऊ शकते, पण अंगणवाडी मोठ्या रोडच्या पलीकडे, ट्रक सतत चालू, तिला पोचवायला मोठीनंच जायचं आणि आणायलाही तिनंच, बाळासकट. सेविकाताईंची चूक नाही, तिच्याकडे आधीच खोली भरलेली आणि मोबाईलवरच्या नोंदी संपत नाहीत.

साईटवर पाळणाघर का नाही? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात कलम ३५ होतं, पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर पाहिजे; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितांनी घेतली. आता तुम्हीच सांगा, मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, वाठोडा साईडला जी घरं आणि फ्लॅट स्कीम उभ्या राहतात त्यात एका साईटवर पन्नास रेजा कुठे असतात? चार असतात, फार तर सहा. कायदा मोठ्या साईटसाठी लिहिलेला आणि नागपुरातली बहुतेक कामं छोट्या साईटवर चालतात. या मधल्या जागेत सहा महिने ते तीन वर्षांचं सगळं बालपण पडलंय, त्याला ना अंगणवाडी ना साईट, आणि त्याची किंमत त्या पोराची मोठी बहीण भरते.

हे सगळं राज्याचं, केंद्राचं, ठेकेदाराचं, मग महापालिकेचा काय संबंध, असं ऐकायला मिळतंच. संबंध आहे, आणि मला वाटतं इथेच आपण सगळे कमी पडतो, कारण आपण महापालिकेला रस्ता, गडरलाइन आणि कचरा यापलीकडे काही विचारतच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली त्यात दुर्बल घटकांचं हितरक्षण, झोपडपट्टी सुधार आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन ही तिन्ही कामं शहराच्या स्थानिक संस्थेच्या यादीत आहेत. त्याहून नेमकं म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९. स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे इथे महापालिकेनं, आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश करून घ्यायचा. शाळेत असलेल्या नाही, हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाची. शून्य ते चौदा. ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

आता ही नोंद आपल्याकडे कशी होते ते आठवा. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसाचा शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे झाला होता, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावलेली. एका दिवसात मोजायचं म्हणजे जो त्या दिवशी सापडला तो मोजला गेला, बाकी सुटले. त्यानंतरही मोहिमा झाल्या, २०२२ मध्ये मिशन झिरो ड्रॉपआउट झालं, शिक्षक वस्त्यांतून फिरले. पण मोहीम म्हणजे मोहीमच, पंधरा दिवस चालते. आपल्या या घरासारखी घरं वर्षातून दोनदा हलतात, त्यांच्यासाठी दर महिन्याला चालती राहणारी वही पाहिजे.

केरळात जे केलं ते इथे बघण्यासारखं आहे. तिथे अतिगरीब कुटुंबं शोधायचं काम स्थानिक संस्थांनी केलं, ६४,००६ कुटुंबं निघाली, आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा बनला, कोणाला कागदपत्रं, कोणाला औषध, कोणाला घर, कोणाला जेवण. १ नोव्हेंबर २०२५ ला राज्यानं अतिदारिद्र्य संपल्याची घोषणा केली. त्या दाव्यावर बऱ्याच अभ्यासकांनी शंका घेतली, ती घ्यावीच, पण कुटुंबागणिक आराखडा ही पद्धत मला पटते. स्कॉटलंडमध्ये तर २०१७ च्या बाल दारिद्र्य कायद्यानुसार प्रत्येक कौन्सिल आणि तिथल्या आरोग्य मंडळानं मिळून दरवर्षी अहवाल द्यायचा असतो की आमच्या भागात बाल दारिद्र्य कमी करायला आम्ही काय केलं आणि पुढे काय करणार. इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यानं अशीच सक्ती होती, २०१६ मध्ये ती काढून टाकली. सक्ती गेली की काम चांगल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर येतं, हे कळायला तिकडे कशाला जायचं, आपल्याला इथेच कळतं.

नागपूरचं म्हणाल तर मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गल्लीतला नळ किंवा अंगणवाडीची खोली असल्या गोष्टी वर पोचवणारा माणूस जवळपास चार वर्षं नव्हता. नगरसेवक असले की सगळं होतं असं मी म्हणत नाहीये, पण ओरडायला एक दार असतं एवढं तरी.

परत केसकडे. पैशाची बाजू बघू, कारण इथे मजा आहे. नागपुरात बिल्डिंगचा नकाशा मंजूर करून घेताना बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरावा लागतो, तो महापालिका वसूल करते आणि राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे पाठवते. त्या मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात, अट ७५ टक्के हजेरीची. म्हणजे या घराला वर्षाचे ५,००० मिळायला हवेत, मोठीचे आणि पोराचे. नोंदणीसाठी काय लागतं, तर गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. ठिय्यावरचा माणूस रोज नव्या ठेकेदाराकडे जातो. एका ठिकाणी सांगितलं ठेकेदाराकडून आणा. ठेकेदार म्हणतो, मी तुला तीन दिवस ठेवलं, नव्वदचं कसं लिहू? तोही खोटं बोलत नाहीये. महापालिकेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्रही चालतं, पण सही करणारा म्हणतो मी याला काम करताना बघितलं नाही. बरोबर आहे, त्यानं बघितलेलं नाही, कारण ठिय्यावर सकाळी आठला कोणी सरकारी माणूस जात नाही. महिन्यातून चार वेळा झोनचा एक कर्मचारी ठिय्यावर जाऊन हजेरीची वही लिहील तर वर्षाच्या शेवटी सही करायला त्याच्या हाताशी आधार असेल. उपकर गोळा करणारं ऑफिस तेच, कामगार त्याच्याच हद्दीत, मधे फक्त एक वही नाही.

तसंच दुसरं उदाहरण. शेजारच्या खोलीतली बाई भांडेवाडीकडे कचरा वेचते. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, जातीची अट नाही, घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये. त्यालाही स्थानिक संस्थेचा दाखला लागतो की हो, ही बाई हेच काम करते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन यंत्रणेत सामील करायचं काम स्थानिक संस्थेवरच टाकलं. म्हणजे नवीन योजना काढायची गरज नाही, एका सहीनं पैसा सुटतो आणि ती सही महापालिकेच्या घरातली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर हा विषय संपत नाही. मोठीचा जन्म गावात घरीच झालेला, नोंद नाही. एक वर्षाच्या वरच्या जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं होते, म्हणजे बालाघाटच्या चकरा, म्हणजे रोज बुडवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जाणार, म्हणजे आत्ता नोंद चुकलेली पोरं पुढे जास्त अडकणार. महाराष्ट्रात २०२५ च्या सुरुवातीला उशिराच्या नोंदींवर स्थगिती आली होती आणि नंतर नियम कडक झाले, त्यामागची राजकीय कारणं काहीही असोत, वस्तीतल्या गरिबाला ते जडच गेलं. बारक्याचा जन्म इथल्या सरकारी दवाखान्यातला, त्याची नोंद आहे पण दाखल्यावर नावच नाही, नुसतं "मुलगा". नाव घालायला झोनमध्ये जावं लागतं, जन्मानंतर पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण मायला वाटतं दाखला मिळाला म्हणजे झालं. लसीकरणाच्या दिवशी महापालिकेच्याच दवाखान्यात हे नाव घालून घेता येणार नाही का? दवाखाना पण तुमचा, जन्मनोंदणी पण तुमची.

आणि आधारचा पत्ता बदला म्हटलं की माय तयार नाही. कारण गावच्या पत्त्यावर तिला मध्य प्रदेशची लाडली बहना मिळते, नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला दीड हजार, ठिय्यावर काम नसलेल्या आठवड्यात तोच आधार. इथला पत्ता केला की ते जाईल आणि इथलं काही मिळेलच याचा भरवसा नाही. तिचा हिशोब अगदी बरोबर आहे. म्हणून मुलांची नोंद आधारच्या पत्त्याला बांधली की ही सगळी घरं बाहेर पडतात. कलम ९ मध्ये "राहणारी" मुलं म्हटलंय, तेवढं पुरे. कोणी म्हणतं आधी आपल्या लोकांचं बघा. बाबा, तू ज्या फ्लॅटमध्ये बसून हे म्हणतोस त्याच्या स्लॅबचा माल याच बाईनं डोक्यावर वाहिलाय.

झोपडपट्टीतल्या जागेच्या मालकीचे पट्टे वाटण्याचंही तसंच. नागपुरात सव्वाचारशेच्या आसपास झोपडपट्ट्या, शहराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक तिथे, आणि मालकी पट्टे हा इथला खरंच मोठा आणि चांगला विषय आहे. पण पट्टा मिळतो घरमालकाला. हे कुटुंब भाडेकरू. पट्टा मिळाला तर उलट भाडं वाढेल.

मग शेवटी केलं काय? गल्लीत एक म्हातारी आहे, सगळे आजी म्हणतात, पूर्वी स्वतः रेजा होती, आता गुडघे गेले. तिच्याकडे तीन बारकी पोरं ठेवायची असं ठरलं, पोरामागे दिवसाला तीस रुपये, काम लागलं त्या दिवशी माय देते, नाही लागलं तर आमच्या ओळखीतले काही लोक मिळून भरतात. दुपारी अंडं आणि खिचडी. चार वर्षांचीला दुसऱ्या एका पोराची माय अंगणवाडीत सोडते. बस, एवढंच. पुढच्या महिन्यापासून मोठी आठवड्यातून चार दिवस शाळेत यायला लागली. नळाचा प्रश्न तसाच, ती मधल्या सुट्टीत घरी पळते, पाणी भरते, परत येते, मॅडम बघून न बघितल्यासारखं करतात. बारक्याचा दंड १२.४ पर्यंत आला, अजून पिवळाच, पण लालपासून दूर.

जुलैत रोवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, सगळं घर गावाला गेलं. पाच आठवडे. मॅडमनी दोघांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, की गावातल्या शाळेत बसू द्यावं, पण ते महाराष्ट्राचं कार्ड, तिकडच्या शाळेला त्याचं काही नाही. पोळा-मारबतीच्या सुमारास परत आले. पोराचं नाव पटावर होतं, मोठीचंही ठेवलं होतं, मॅडमच्या कृपेनं. दुसऱ्या मॅडम असत्या तर काय झालं असतं ते सांगायला नको. आणि बारक्याचा दंड परत १२ वर.

आजीवाली व्यवस्था चालते ते आजी आहे म्हणून. हेच काम महापालिकेनं करावं यासाठी काय लागेल? शहरात पट घटल्यामुळे बंद झालेल्या किंवा दुसरीत मिसळलेल्या बऱ्याच शाळा आहेत, इमारती उभ्या आहेत, खोल्यांना कुलूप. एका खोलीत पंचवीस पोरांचं पाळणाघर, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, वेळ हीच पाहिजे, दुपारी दोनला बंद होणारं काही कामाचं नाही. दोन बाया, प्रत्येकी नऊ हजार, म्हणजे अठरा. पोरामागे दिवसाला तीस रुपयांचं जेवण, महिन्याचे सव्वीस दिवस, साडेएकोणीस हजार. वर पाच हजार साबण, गाद्या, लाईट. साडेबेचाळीस हजार महिना, वर्षाचे पाच लाखांच्या जरा वर. दहा झोन, प्रत्येक झोनमध्ये दोन धरा, वीस पाळणाघरं, एक कोटी. हा माझा ढोबळ हिशोब आहे, कोणी दुप्पट म्हणालं तरी वाद घालणार नाही. महापालिकेचं वार्षिक बजेट पाच हजार कोटींच्या वर आहे. पाच हजार रुपयांतला एक रुपया.

पैसा कुठून, तर महिला व बालकल्याणासाठी बजेटचा ५ टक्के हिस्सा ठेवायचा राज्याचा दंडक आहेच. शहरोशहरी हा पैसा शिलाई मशीन, मेळावे आणि प्रशिक्षण शिबिरांत जातो, मशीनला माझा विरोध नाही, पण बाळ कडेवर असलेली बाई मशीन चालवणार कधी?

अजून एक गोष्ट जी नागपूरला खास लागू आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, उन्हामुळे, ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ मे आणि जवळपास पूर्ण जून शालेय पोषण आहार बंद. पहिली ते पाचवीच्या पोराला त्या जेवणातून दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात असं मानक आहे, ती अचानक शून्य. आणि ठिय्या बंद नसतो, मायबाप ४५ डिग्रीत कामावर, पोरं टिनाच्या खोलीत. महापालिकेचा उष्माघात कृती आराखडा २०१६ पासून आहे, देशात अहमदाबादनंतर आपण लवकर केलेल्यांपैकी. दुपारी बगीचे उघडे ठेवणं, पाणपोया, दवाखान्यात बेड, सगळं त्यात येतं. त्यातच दर वस्तीमागे शाळेच्या दोन खोल्या कूलर लावून दुपारी उघड्या ठेवा आणि एक जेवण द्या, हे का येऊ नये? ऊन आणि भूक एकाच पोराला लागते, एकाच दुपारी.

कोणी म्हणेल गरिबी कमी होतेय. होतेय, नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात महाराष्ट्राचा आकडा १४.८ वरून ७.८ टक्क्यांवर आला, २०१९-२१ च्या सर्व्हेप्रमाणे. त्याच निर्देशांकात घरातलं एक शाळकरी वयाचं पोर शाळेबाहेर असेल तर त्या एकाच गोष्टीचं वजन एक षष्ठांश आहे, आणि एक तृतीयांशाला घर गरीब ठरतं. या घरात वीज आहे, बँक खातं आहे, गॅस आहे (सिलेंडर भरलेला असतो असं नाही). मोठी शाळेत आहे की नाही, यावर अर्धा निकाल लागतो.

आज घडीला स्थिती अशी. मोठी येते, गणितात मागे आहे, हिंदी वाचते. ९० दिवसांचं प्रमाणपत्र अडकलेलं. बारक्याच्या दाखल्यावर नाव आलं, त्याला एक चांगला क्लार्क भेटला. शाळेतल्या बंद खोलीसाठी आम्ही अर्ज दिलाय, उत्तर आलं की खोली शिक्षण विभागाची, पाळणाघर समाजकल्याणचा विषय, आहार तिसऱ्याचा, वरून आदेश पाहिजे. नव्या नगरसेवकांकडे तोच अर्ज घेऊन जाणार आहोत, त्यात फक्त दोन मागण्या, ती खोली आणि झोनमध्ये महिन्यातून एकदा आशा, शाळा, अंगणवाडी आणि जन्मनोंदणीवाल्यांची एकत्र बैठक, एका वहीसमोर. हे एप्रिलच्या आत व्हायला पाहिजे, कारण मे महिन्यात आजी तिच्या लेकीकडे गोंदियाला जाते आणि मग बारकं परत मोठीच्या कडेवर.